टेस्ला कॉइलच्या टॉपवरचं व्होल्टेज मोजायचं कसं? सल्ला हवाय (नाशिक)

सिडको_स्पार्क:
नमस्कार मंडळी, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी स्पार्क गॅपवाली टेस्ला कॉइल (हवेत लांब ठिणग्या सोडणारा हाय व्होल्टेज, हाय फ्रिक्वेन्सीचा ट्रान्सफॉर्मर) बनवलीय, ९ केव्ही (९ हजार व्होल्ट) ३० मिलिअँपचा निऑन साइनवाला ट्रान्सफॉर्मर, टँक कपॅसिटर (प्रायमरी कॉइलला जोडलेला) १० नॅनोफॅरड, रेझोनन्स २०० किलोहर्ट्झ, ठिणग्या फूटभर येतात. सर म्हणतात वर किती केव्ही येतात ते आकड्यात दाखव. ४० केव्हीचा प्रोब मिळतोय ओळखीतून, टोरॉइडला (कॉइलच्या टोकावरच्या धातूच्या कड्याला) लावू का? की सरळ ठिणगीची लांबी गुणिले ३० केव्ही प्रति सेंमी धरू?

अंबडचा_टेस्टिंगवाला:
प्रोब अजिबात लावू नकोस भाऊ. ते प्रोब डीसी नाहीतर ५० हर्ट्झसाठी असतात, २०० किलोहर्ट्झला रीडिंगही खोटं येतं आणि प्रोबही जातो. चांगला आरएफचा (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) प्रोब आणलास तरी त्याची दोन-तीन पिकोफॅरड कपॅसिटन्स सेकंडरीवर, म्हणजे उंच कॉइलवर, चढते आणि कॉइल डिट्यून होते, म्हणजे रेझोनन्सवरून सरकते. आणि ३० सेंमीला ३० ने गुणलंस तर ९०० केव्ही येतात, ते शक्यच नाही, कारण टँकमध्ये १२.७ केव्ही पीकला जेमतेम ०.८ ज्यूल आहे, सेकंडरीची एकूण कपॅसिटन्स २५ पिकोफॅरड धरली तर सगळी एनर्जी वर गेली तरी २५० केव्हीच्या वर जात नाही. ३० केव्ही हा आकडा एकसारख्या फील्डचा आहे, स्ट्रीमर (हवेत सुटणारी ठिणगी) तर एकामागून एक पल्सने लांबत जातो.

गोदाकाठ_आरएफ:
+१. मोजायचं ते वर नाही, खाली मोज. सेकंडरीचं खालचं टोक अर्थला जातं ना, त्या वायरवर करंट ट्रान्सफॉर्मर बसव, १०० वेढे, १० ओहमचं बर्डन (त्याच्या टोकांना जोडायचा रेझिस्टर), म्हणजे १ अँपिअरला ०.१ व्होल्ट. मग टॉप व्होल्टेज म्हणजे करंट भागिले दोन पाय एफ सी (एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी, सी म्हणजे सेकंडरीची कपॅसिटन्स). तुझ्या आकड्यांना रिअ‍ॅक्टन्स सुमारे ३२ किलोओहम, म्हणजे ५ अँपिअर पीक आले तर १६० केव्ही. आकडा अंदाजेच असतो, पण हिशोब मांडून दाखवता येतो. सी काढायचा तर सेकंडरी कॉइलचा इंडक्टन्स मीटरवर मोज आणि रेझोनन्सवरून काढ.

सिडको_स्पार्क:
भारी! कोअर कुठला घेऊ? घरात जुना पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पडलाय.

गोदाकाठ_आरएफ:
त्यातली पिवळी-पांढरी रिंग घेऊ नकोस, ती आयर्न पावडरची असते. मेन्सच्या इनपुटला लाइन फिल्टरची चोक असते, दोन वाइंडिंगवाली, बऱ्याचदा हिरवी नाहीतर काळी रिंग, तो फेराइट, तोच काढ. वेढे रिंगभर सारखे पसरव.

सातपूर_वायरमन_काका:
बाळा, सेकंडरीचं खालचं टोक घरच्या अर्थिंगला जोडू नको, वेगळा रॉड ठोक, नाहीतर आरएफ सगळ्या घराच्या वायरिंगमध्ये फिरेल. टँक कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर चार्ज उतरवणारा) आहे ना? नसेल तर आज लाव. माणूस मरतो तो प्रायमरी बाजूने, वरच्या ठिणगीकडे बघून भीती वाटते पण घात ९ केव्ही करतं. हात लावायच्या आधी प्लग काढ, कपॅसिटर दांड्याने शॉर्ट कर. पेसमेकरवालं कोणी खोलीत नको.

अंबडचा_टेस्टिंगवाला:
काकांचं शंभर टक्के बरोबर. स्फिअर गॅपने (दोन धातूच्या गोळ्यांमधल्या अंतरावरून व्होल्टेज काढायची पद्धत) ताडून बघायचं मनात असेल तर एक लक्षात ठेव, त्याचे टेबल समुद्रसपाटीच्या दाबाचे आणि २० अंशांचे असतात. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, म्हणून त्याच अंतरावर ५-७ टक्के कमी व्होल्टेजला फुटतं, उन्हाळ्यात आणखी कमी. शिवाय ते टेबल आरएफसाठी नाहीत, त्यामुळे पडताळा म्हणूनच वापर.

सिडको_स्पार्क:
समजलं. रीडिंग ठिणगी चालू असताना घेऊ की आधी?

गोदाकाठ_आरएफ:
दोन्ही घे. आधी मेन स्पार्क गॅप कमी करून वर ठिणगी न फुटता घे, मग वाढव. फुटायला लागलं की व्होल्टेज तिथेच अडकतं, स्कोपवर एनव्हलप (लहरींची बाहेरची कड) कापल्यासारखी दिसते, तो फोटो रिपोर्टमध्ये टाक, सरांना तोच जास्त आवडेल. स्कोप बॅटरीवर चालव आणि कॉइलपासून दोन-तीन मीटर लांब ठेव.