हिवाळी छावणी म्हणजे पगारी सुट्टी? अमेरिकन यादवीवरून पेटलेला वाद

सातारकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, "अमेरिकन यादवीत हिवाळा म्हणजे सैनिकांना पगारी सुट्टी. बर्फाचे गोळे खेळा, कॉफी प्या." वाचून डोकंच फिरलं. उत्तर आणि दक्षिण राज्यांच्या त्या युद्धात, डिसेंबर १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला मार खाऊन उत्तरेची फौज नदीपलीकडे फालमथला बसली. ओंडके रचून खोपटं, फटींत चिखल, वर तंबूचं कापड. धुराड्यावर बसवलेलं पिंप पेटलं की रात्रीबेरात्री सगळे बाहेर. बिस्किट एवढं टणक की बंदुकीच्या दस्त्याने फोडायचं. गरम कॉफीत बुडवलं की किडे वर यायचे, ते काढून टाकायचे आणि खायचं. अंगावर उवा. आणि पगारी कसली? कित्येकांचा पगार महिनोन्महिने थकला होता.

नदीकाठ
मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. त्याच रॅपाहॅनॉक नदीवर दोन्हीकडचे पहारेकरी छोट्या होड्या सोडून कॉफी-तंबाखूची अदलाबदल करत होते. मार्च १८६४ मध्ये जॉर्जियातल्या डाल्टनला दक्षिणेचे हजारो सैनिक बर्फाचे गोळे घेऊन एकमेकांवर तुटून पडले, अधिकारीसुद्धा सामील. हे खोटं आहे का?

फौजीची_बायको
हे उंचावरच्या चौकीत होते तेव्हा बर्फात नाचतानाचे व्हिडिओ पाठवायचे. सुट्टीवर आले, मोजे काढले, तर बोटं काळी पडलेली. हसणारा माणूस मजेत असतो हे मला कुणी शिकवू नका.

वऱ्हाडी_गडी
तिकडच्या खोपटांचं एवढं पडलंय, पण त्याच युद्धाने आपला कापूस कुठे नेऊन ठेवला ते बोला! अमेरिकेचा माल अडला, मुंबईत भाव कडाडले, कापूस-शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंदांच्या काळातला शेअरचा जुगार रंगला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. बुडाला कोण? कर्ज काढून बसलेला शेतकरी. आमच्याकडे आजही भाव पडला की तेच.

सातारकर
विषय छावणीचा आहे, दादा.

वऱ्हाडी_गडी
विषय युद्धाचा आहे. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळल्या, त्याची मुळं चौकशी आयोगानेसुद्धा या तेजीमंदीपर्यंत नेली. ते तुम्हाला वाचायचं नाही, कारण त्यात घोडे-बंदुका नाहीत.

नदीकाठ
सुप्याच्या दंग्याला दुष्काळी पट्टा आणि वाढवलेला शेतसाराही कारण होता. सगळं अमेरिकेवर ढकलू नका.

वऱ्हाडी_गडी
सारा वाढवला तोही तेजीचे भाव बघूनच ना? माझ्या आजोबांच्या घरात सावकाराचं नाव काढलं की जेवण थांबायचं. मला कारणं सांगू नका.

सातारकर
कापसाचा वेगळा धागा काढा, मीही येईन. नदीकाठ, तुम्ही आकडे बघा. उत्तरेचे सुमारे ३,६०,००० मेले, त्यातले लढाईत आणि जखमांनी १,१०,००० च्या आसपास. बाकी बहुतेक आजाराने. खेड्यातली पोरं पहिल्यांदाच गर्दीत राहिली, गोवराने आणि टायफॉइडने गेली. शौचाचे चर पाण्याजवळ. हीच ती सुट्टी.

नदीकाठ
आजार उन्हाळ्यातही होते, हगवण तर जास्तच. सगळं हिवाळ्याच्या माथी मारता येत नाही.

सातारकर
बरं, तेवढं मान्य. पण मग हेही माना: १८६३ च्या सुरुवातीला त्या फौजेचा नवा सेनापती हुकर आला, आठवड्यातून चारदा ताजा पाव, दोनदा बटाटे किंवा कांदे सुरू केले, रजा दिल्या, स्वच्छता लावली, आणि आजारी कमी झाले. म्हणजे आधीचे हाल थंडीने नव्हते, वरच्यांच्या बेपर्वाईने होते.

नदीकाठ
"सुट्टी" हा शब्द काढतो. बर्फाचे गोळे राहतील.

फौजीची_बायको
राहू द्या. पण त्यांच्या शेजारी तो थकलेला पगारही लिहा.