शब्दचर्चा: सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या 'एम्बेडेड स्क्रिप्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

शेवगा:
मंडळी, एक शब्द अडलाय. कामावर दोन नवीन पोरं आलीयेत, डिप्लोमा झालेली, हुशार आहेत पण इंग्रजी मॅन्युअल उघडलं की जांभया देतात, म्हणून मी त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय. विषय एंजिन-एक्स हा वेब सर्व्हर आणि त्याच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्येच लिहिलेला लुआ भाषेतला कोड, ओपनरेस्टीत (लुआ जोडलेला एंजिन-एक्स) असतो तो. (आमच्याकडे अजून अर्धे लोक एनजिंक्स म्हणतात, म्हणू द्या.) तर पहिल्याच ओळीत गाडी अडली. एम्बेडेडला शासकीय थाटात 'अंतःस्थापित' म्हणता येईल, बरं मग स्क्रिप्ट? भाषांतराच्या ॲपला विचारलं तर ते म्हणे 'लिपी'. अंतःस्थापित लिपी! वाड्याच्या भिंतीत मोडीतला शिलालेख सापडल्यासारखं वाटतं. नाटकवाले संहिता म्हणतात तो शब्द मला आवडतो, पण कोडलाही संहिताच ना, आचारसंहिता, न्याय संहिता, म्हणजे 'स्क्रिप्टिंग कोड'चं झालं संहिता-संहिता. सुचवा काहीतरी.

उत्तररात्र:
जसंच्या तसं ठेवा की ताई. 'सर्व्हर डाऊन आहे' हे रांगेतल्या आजीलाही कळतं, 'सेवा-संगणक निष्क्रिय आहे' म्हणालात तर काउंटरवरचाच घाबरेल.

शेवगा:
सर्व्हर, कोड, कॉन्फिग यांना मी हात लावतच नाहीये, ते आपलेच झालेत. अडचण फक्त 'एम्बेडेड'ची. पोरांनी तो शब्द ऐकलाय पण वॉशिंग मशीनमधल्या चिपसंदर्भात, त्यामुळे इथे तो वाचला की त्यांच्या डोळ्यापुढे सर्किट बोर्ड येतो.

चकलीचा सोऱ्या:
'पोट' वापरा. पोटमाळा, पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू, मग पोटकोड का नको?

शेवगा:
काका, आधी मलाही हेच सुचलं होतं, पण पोटकलम हे कलमच असतं आणि पोटभाडेकरू हा भाडेकरूच, नुसता खालच्या पायरीवरचा. इथे आत बसलेला वेगळ्या जातीचा आहे. बाहेर एंजिन-एक्सचे डिरेक्टिव्ह, म्हणजे सेटिंगच्या आज्ञा, ओळ संपली की अर्धविराम, आणि महिरपी कंस उघडला की आत अचानक लुआ, तिथे इफ-देन-एंड, कॉमेंट द्यायची तर हॅशऐवजी दोन डॅश. 'पोटकोड'मध्ये ही परकी भाषा येतच नाही. 'पोटातला कोड' मात्र चालेल, जोडशब्द मोडला की तो खालच्या पायरीचा वास जातो.

चकलीचा सोऱ्या:
मग सारण म्हणा. कॉन्फिग ही पारी, लुआ हे सारण. जास्त भरलं की उकडताना मोदक फुटतो, तेही लागू पडतंय 😀

टर्मिनलवाला:
सारण भारीच, आणि फुटतो तो असा. आम्ही लुआ वेगळ्या फाईलमध्ये ठेवला होता आणि कॉन्फिगमध्ये फक्त त्या फाईलचा पत्ता. एंजिन-एक्सची टेस्ट मारली, 'सिंटॅक्स ओके, टेस्ट सक्सेसफुल', म्हणून निवांत रीलोड मारला आणि पहिल्याच रिक्वेस्टला ५००, म्हणजे सर्व्हरची एरर. लुआमध्ये एक 'एंड' राहिला होता. ती टेस्ट पारी तपासते, सारण नाही, कारण ती फाईल पहिली रिक्वेस्ट आल्यावर वाचली जाते. तेव्हापासून आमच्याकडे रीलोडनंतर एक कर्ल मारल्याशिवाय (कमांडने एक रिक्वेस्ट पाठवून बघितल्याशिवाय) कोणी चहाला उठत नाही.

बाकी शब्दाबद्दल म्हणाल तर डिरेक्टिव्हच्या नावात एम्बेड कुठेच नाहीये, बघा: ॲक्सेस बाय लुआ, कंटेंट बाय लुआ, लॉग बाय लुआ. या 'बाय'ला मराठीत झकास शब्द आहे, करवी. माणसाकरवी निरोप पाठवतो तसं. 'प्रवेश लुआकरवी', 'मजकूर लुआकरवी', 'नोंद लुआकरवी'. रिक्वेस्ट येते, तिचे टप्पे असतात, रीराइट, मग ॲक्सेस, मग कंटेंट, मग हेडर-बॉडीची गाळणी आणि शेवटी लॉग, आणि कुठल्या टप्प्याचं काम लुआकरवी करून घ्यायचं ते आपण ठरवतो. पोरांना हे टप्पे आधी शिकवा, आमच्याकडे एकाने लॉगच्या टप्प्यात बसून दुसऱ्या सर्व्हरला फोन लावायचा प्रयत्न केला होता, तिथे थांबून वाट बघणारी कामं चालत नाहीत.

उत्तररात्र:
'करवी' माझ्या आजीनंतर आज वाचला. घ्याच.

शेवगा:
करवी घेतला! पण तो काम कोण करतं ते सांगतो, कोड कुठे बसलाय ते नाही, आणि माझं खरं दुखणं 'कुठे'चंच आहे. सांगते. आमची एक जुनी कॉन्फिग आहे, तिच्यात लुआ महिरपी कंसात नाही, सिंगल कोटमध्ये लिहिलाय. लुआ मॉड्यूलच्या ०.९.१७ आवृत्तीत महिरपी कंसाचा ब्लॉकवाला प्रकार येईपर्यंत तसंच लिहायचे. त्यात आकडे शोधायला बॅकस्लॅश-डी-प्लस हा पॅटर्न हवा होता. पोराने एका लुआ फाईलमधून दोन बॅकस्लॅशवाली ओळ उचलली आणि इथे चिकटवली, चालेचना. अख्खी दुपार गेली. कारण असं की त्या मजकुराला वाचणारे दोन, आधी एंजिन-एक्स, मग लुआ, आणि हे दोघे म्हणजे निरोप्ये, प्रत्येक जण वाटेत बॅकस्लॅश खातो. चार लिहिले की एंजिन-एक्स दोन पुढे देतो, लुआ त्यातला एक ठेवतो, आणि पॅटर्नला हवा तो एक पोचतो. फाईलमधून उचललेली ओळ फक्त लुआसाठी लिहिलेली होती, मधल्या निरोप्याचा वाटा त्यात धरलेलाच नव्हता. ब्लॉकमध्ये लिहिलं की एंजिन-एक्स आत तोंड घालत नाही, तिथे दोन पुरतात, आणि लुआचे दुहेरी चौकटी कंस वापरले तर एकच.

म्हणून मला 'अंतःस्थापित' पटत नाही, त्यात भिंतीत कपाट बसवल्यासारखं वाटतं, बसवलं की संपलं. हे तसं नाहीये, हे अवतरणातलं अवतरण आहे. 'तो म्हणाला की ती म्हणाली की' लिहिताना आपण बाहेर दुहेरी आणि आत एकेरी चिन्हं देतो ना, तीच भानगड.

चकलीचा सोऱ्या:
मग सारण गेलं का?

टर्मिनलवाला:
नाही काका, सारण ब्लॉकवाल्याला ठेवू. जुन्या कोटवाल्याला 'अवतरणातला लुआ'. दोन प्रकार आहेत तर दोन शब्द असू देत, उलट पोरांना फरक नावातच कळेल.

उत्तररात्र:
आणि एस्केप करणे, म्हणजे आधी बॅकस्लॅश लावून अक्षराचा खास अर्थ काढून घेणे? 'सुटका' नको प्लीज.

शेवगा:
'अभय देणे' कसं वाटतं? बॅकस्लॅशने पुढच्या अक्षराला अभय दिलं. टिपणात कंसात एस्केप लिहीनच, नाहीतर पोरं गुगल कशावर करणार.

मांडवीकाठ:
गोव्याहून हजेरी. लुआ हा शब्द पोर्तुगीज आहे, अर्थ चंद्र. ही भाषा १९९३ मध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठात झाली, तिच्या आधी तिथेच सोल नावाची होती, इंग्रजी आद्याक्षरांवरून, पण पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून ही चंद्र. तेव्हा लुआला अगदी परका म्हणू नका, चावी, पगार, बटाटा ज्या घरातून आले तिथलाच हा. आणि ती आद्याक्षरं नाहीत, नाव आहे, सगळी कॅपिटल अक्षरं टाकणाऱ्यांना हे जरूर सांगा. गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये लुआ ती, आपला चंद्र तो. तुमच्या टिपणात तो लुआ की ती लुआ?

शेवगा:
आत्तापर्यंत न विचार करता 'तो' लिहिलाय, बहुतेक 'कोड'मुळे. भाषा म्हणून ती, कोड म्हणून तो, असं ठेवते. कॉन्फिग मात्र ती, फाईल आहे म्हणून.

टर्मिनलवाला:
आमच्याकडे तो कॉन्फिग. नागपूर 🙏

शेवगा:
राहू दे तुमचा तो. पहिली ओळ अशी झालीये: 'कॉन्फिगच्या पोटात लुआ कोड लिहून रिक्वेस्टच्या एखाद्या टप्प्याचं काम त्याच्याकरवी करून घेता येतं.' लिपी नाही, संहिता नाही, अंतःस्थापित नाही. उद्या दोघांना वाचायला देते, जांभई आली तर इथेच येऊन सांगेन.