यशोधर्मनला विसरू नका

हूणांना गुप्तांनीच थोपवलं, हे अर्धंच खरं आहे. स्कंदगुप्तानंतर ते पुन्हा माळव्यापर्यंत आले आणि त्यांचा राजा मिहिरकुल याला नमवलं ते दशपूरच्या, म्हणजे आजच्या मंदसौरच्या, यशोधर्मनने. जवळच सोंदणीला त्याचे अजस्र विजयस्तंभ आडवे पडलेत. त्यांवरच्या लेखात कवी वासुल सांगतो, की शिवाखेरीज कुणापुढे न झुकलेलं मिहिरकुलाचं मस्तक याच्या पायांशी आलं. राज्य लौहित्यापासून, म्हणजे ब्रह्मपुत्रेपासून, पश्चिम समुद्रापर्यंत! यात प्रशस्तीची अतिशयोक्ती धरायलाच हवी. पण विहीर बांधल्याची नोंद करणाऱ्या इ.स. ५३२च्या शिलालेखातही त्याचा दरारा दिसतोच. पुढे मात्र वारसाचा पत्ताच नाही. माझ्या मते हा सगळा डोलारा एकट्याच्या तलवारीवर उभा होता.