मदत हवी आहे: क्लच दाबू की पॅडल ओढू?
मंडळी, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन गाडी घ्यायचं ठरलंय. १ लिटर टर्बो इंजिन, ताकद १२० पीएस. अडलंय एवढंच: ६ स्पीड मॅन्युअल, की स्टिअरिंगमागं गिअरची पॅडल असलेली ७ स्पीड डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक)? महिन्यातनं दोनदा गगनबावडा नाहीतर आंबा घाट ठरलेला. डीसीटीत दोन क्लच, पुढचा गिअर आधीच तयार, त्यामुळं गिअर बदलते झटक्यात, हे मान्य. पण पोर्शनं २०१३ला ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार फक्त पॅडलवर काढली आणि २०१७ला मॅन्युअल परत आणली, ती काय उगाच? संध्याकाळी दसरा चौक ते रंकाळा जाताना मात्र डावा गुडघा शिव्या देतो. घाटाच्या उतारावर कुणी पॅडलनं गिअर खाली घेऊन इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिननंच वेग आवरणं, करून बघितलंय का? रांगत्या गर्दीत डीसीटीचा क्लच तापतो का? चालवलेल्यांनीच सांगा, शोरूमचं ऐकून झालंय.