बी विंगखालचा सायकल स्टँड

सचिव: सोसायटीच्या रविवारच्या सभेत एक विषय आहे. बी विंगखालचा सायकल स्टँड काढून तिथे एका कारची जागा करावी, असा अर्ज आलाय. हरकती इथेच कळवाव्यात.

ए-२०३: माझी हरकत आहे. स्टँडवर ११ सायकली आहेत. त्यातल्या ४ वर्षानुवर्षं गंजत पडल्यात, त्या खुशाल काढा. बाकीच्या ७ वापरात आहेत. मी त्यातल्याच एकीवर रोज डेक्कनला ऑफिसला जाते.

सी-६०१: ताई, राग मानू नका, पण कर्वे रोडवर एक सायकल पुढे आली की मागच्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये रखडतात. तो जादा धूर कोणाच्या खात्यात?

ए-२०३: काका, चढावर तुमचं म्हणणं खरं आहे. कोथरूड डेपोवरून चांदणी चौकाकडे चढताना मागच्या गाडीला माझ्यामुळे थांबावं लागतं, मलाच अपराधी वाटतं. पण सकाळी ९ ला कर्वे रोडवर मला मागे टाकून गेलेली कार नळ स्टॉपच्या सिग्नलला परत माझ्या शेजारी उभी असते. तिला मी अडवलेलं नसतं, पुढच्या गाड्यांनी अडवलेलं असतं.

हिशेब सांगते. जाऊन-येऊन १२ किमी, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे २६४ किमी. माझी स्कूटर लिटरला ४५ देते. म्हणजे जवळपास ६ लिटर पेट्रोल वाचतं. लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलो, पण जळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. महिन्याचे साडेतेरा किलो झाले. शिवाय इंजिन थंड असताना धूर स्वच्छ करणारी यंत्रणा नीट काम करत नाही. आपल्या ५-६ किमीच्या धावेचा सुरुवातीचा भाग त्यातच जातो. लांबच्या प्रवासाला सायकल काढा असं मी कोणालाच म्हणत नाही. या जवळच्या फेऱ्यांचं मात्र मनापासून म्हणते.

बी-१०५: मग इलेक्ट्रिक गाडी घ्यावी ना?

ए-२०३: पेट्रोलपेक्षा नक्कीच बरी. पण आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, आणि टायर-ब्रेकची धूळ, रस्त्यावरची जागा हे तसंच राहतं.

ए-५०२: मला काळजी तुझ्या फुप्फुसांची वाटते गं. पीएमपी बसच्या मागे दमून श्वास घेतेस.

ए-२०३: काकू, ती भीती खरी आहे. दम लागला की धूरही जास्त आत जातो. म्हणून मी नळ स्टॉपनंतर मुख्य रस्ता सोडते आणि प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्यांनी जाते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण हवेतला फरक नाकाला कळतो. खरं तर वेगळी सलग लेन हवी. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ ला मंजूर झाला, तरी आम्ही अजून बसच्या चाकाशेजारूनच जातोय. याचं मला फार वाईट वाटतं.

सी-६०१: जागेचं काय पण? कार बाहेर लावली तर रस्ता अडतो.

ए-२०३: एका कारच्या जागेत दहा-अकरा सायकली उभ्या राहतात. गंजलेल्या ४ गेल्या तर बी विंगमधल्या मुलांच्या सायकलींनाही जागा होईल. आज त्या जिन्यात असतात.

सचिव: ठीक. शनिवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या सायकलीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी बांधावी. बिनचिठ्ठीच्या काढू. स्टँडचं सभेत बोलू.

सी-६०१: माझ्या नातवाची निळी आहे, ती काढू नका. चाकात हवा नाही फक्त.

ए-२०३: काका, पंप माझ्याकडे आहे. संध्याकाळी खाली आणते.