गावाच्या वनातली घाणेरी काढताना मोर-तितरांचा आसरा कसा टिकवायचा?

प्रश्न : बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर सामूहिक वनहक्काचं (वनहक्क कायद्यानं गावाकडे आलेलं) 40 हेक्टर जंगल आहे. निम्म्यात घाणेरी (टणटणी, म्हणजे लँटाना हे परदेशी झुडूप) माजली आहे. जेसीबीनं सगळी काढून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावावं, असं समितीतल्या काहींचं मत आहे. योग्य होईल का?

उत्तर 1 : जेसीबी नकोच. माती उलटली की दबलेलं बी वर येतं आणि पावसात दाट उगवण होते. फळं पिकण्याआधी कुदळीनं मुख्य मूळ जमिनीखाली 3-4 इंचांवर तोडा आणि झुडूप उलटं ठेवा, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा मूळ धरत नाहीत. वर्षाला चौथा हिस्साच काढा. मोर-तितरांना सध्या लपायला तेवढीच झुडपं आहेत हो! मोकळ्या जागी लगेच मारवेल, पवन्या ही देशी गवतं पेरा. पुढची 2-3 वर्षं घाणेरीची नवी रोपं उपटावीच लागतील.

उत्तर 2 : गिरिपुष्प बांधावर ठीक, जंगलात नको. बोर, खैर, पळस, धावडा यांचे जुने बुंधे जपा, फुटवे आपोआप येतात. उघड्या माळावर मात्र झाडंही नकोत आणि पाणी मुरवायचे चरही नकोत. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी यांना गवताळ माळच लागतो. वाळलेलं झाड तोडू नका, ढोलीत पिंगळे राहतात.

उत्तर 3 : गवत बी झडल्यावरच कापा आणि पाचवा भाग तसाच उभा ठेवा. जाळरेषा (वणवा अडवणारी गवत काढलेली पट्टी) फेब्रुवारीआधी काढा. पाणवठ्याला एका बाजूनं खडबडीत उतार हवाच. उभ्या सिमेंटच्या भिंतीमुळे पिल्लं आत पडून बुडतात.