शब्दचर्चा: फोन 'फिरवणारे', रोल 'धुणारे' आणि नेटवर 'बसणारे'

कुठल्या सवयींमुळे आपण पोरांना म्हातारे वाटतो याच्या याद्या हल्ली सारख्या फिरत असतात. खिशात रुमाल ठेवणं, सकाळी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहून पाठवणं, स्क्रीनवर नाव दिसत असूनही फोन उचलून 'हॅलो, कोण बोलतंय' विचारणं, गिफ्टचा कागद फाटू न देता सोडवून गादीखाली घालणं, वगैरे वगैरे. ठीक आहे, पण सवयी लपवता येतात हो. रुमाल नाही ठेवला की झालं. तोंडातून जाणारे शब्द मात्र लपत नाहीत, आणि माझं निरीक्षण असं की त्यातही नामांपेक्षा क्रियापदं आपल्याला जास्त पकडून देतात.

आता बघा, 'ट्रंक कॉल' आज कोण म्हणतं? वस्तू गेली, नावही गेलं. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, 'तार आली' म्हटल्यावर धस्स होणारी माणसं त्याच्या बऱ्याच आधीपासून कमी होत चालली होती. पण 'त्याला जरा फोन फिरव' हे मी अजूनही म्हणतो. काय फिरवायचं? ते दहा भोकांच्या तबकडीचं काळं धूड, नंबरात नऊ आणि शून्य जास्त असले की तबकडी परत जागेवर येईपर्यंत ताटकळायचं, ते जाऊन बटणं आली, मग बटणंही गेली, आता तर बायकोचा नंबरही पाठ नसतो, तरी आमचं फिरवणं चालूच.

रोलचंही तेच. ३६ फोटोंचा रोल असायचा, तो पुरता संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही त्यामुळे एकाच रोलात गणपती, दिवाळी आणि कुणाचं तरी बारसं. 'धुणे' अगदी योग्य होतं कारण फिल्म खरंच केमिकलमधून आणि पाण्यातून काढायचे. पण परवा मी प्रिंट काढायला निघालो तर तोंडात आलं 'हे धुवून आणतो', आणि समोर पेन ड्राइव्ह. मुलगा घाबरला.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'नेटवर बसणे'. इंटरनेट ही तेव्हा जाऊन बसायची जागा होती, सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने नाहीतर घरी टेलिफोनची लाइन अडवून, मग बाहेरून कुणाचा फोन लागायचा नाही आणि घरचे ओरडायचे. आता 'हा दिवसभर नेटवर बसलेला असतो' म्हटलं की ते पोरगं बघतच राहतं, कारण ते बसलेलं नसतंच, चालत असतं.

तर तुमच्याकडची असली क्रियापदं टाका. आणि या प्रकाराला एखादा मराठी शब्द पण हवा, मला 'वयखूण' सुचतोय.

---

अगदी अगदी!! पण 'वयखूण' पंचनाम्यात लिहिल्यासारखा वाटतो. 'वयचुगली' कसा आहे? शब्द आपल्या पाठीमागे जाऊन वय सांगून येतो.

माझी भर 'गाणी भरून घेणे'. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, दुकानात नेऊन द्यायची, तो साठच्या नाहीतर नव्वदच्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा, शेवटचं गाणं बसलं नाही तर मधेच कापलेलं. पुढे मोबाइल आले तेव्हा पण बाजारच्या गावात मेमरी कार्डात गाणी 'भरून' मिळायची, पाट्या असायच्या तशा. म्हणजे मशीन पार बदललं पण क्रियापद तसंच पुढच्या गाडीत चढलं. आता कुणी काही भरतच नाही, नुसतं लावतात.

आणि 'नेटफ्लिक्सवर आज काय लागलंय?' हे आमच्या घरी रोज. जसं काय त्यांचा माणूस सकाळी येऊन पोस्टर चिकटवून जातो.

---

'फाडणे' राहिलं की. ट्रॅफिकवाल्यांचं ई-चलन मेसेजवर येतं, कागदच नाही तरी 'पाचशेची पावती फाडली'. एसटीत तर कंडक्टर पत्र्याच्या पेटीतल्या गठ्ठ्यातून एकेक रंगाचं तिकीट फाडून त्याला टक टक पंच मारायचा, आता मशीनमधून पट्टी निघते.

पण 'माझ्या नावावर बिल फाडू नको' हे कॉलेजची पोरं पण बिनधास्त म्हणतात, त्यावरून कुणाचं वय कळत नाही. 'चावी देणे' तसंच, घड्याळाची चावी गेली पण लोकांना चावी देणारे भरपूर आहेत. म्हणून मला वाटतं क्रियापद एकदा का वाक्प्रचारात शिरलं की त्याला वय राहत नाही. 'फिरवणे'ला ते जमलं नाही म्हणून ते उघडं पडलं.

---

मी इथं बहुतेक सगळ्यात लहान असेन 😄 काका, फोन 'लावणे' आम्ही पण म्हणतो, 'फिरवणे' फक्त आमचे बाबा म्हणतात आणि ते ऐकायला क्यूट वाटतं, म्हातारं नाही वाटत. खरं सांगू का, आम्हाला शब्दांवरून नाही कळत, तुम्ही टाइप कसं करता त्यावरून कळतं. 'ठीक आहे.' असा पूर्णविराम देऊन मेसेज आला की मला वाटतं माझं काहीतरी चुकलंय, कारण आमच्यात चिडल्याशिवाय कुणी एवढ्याशा मेसेजला पूर्णविराम देत नाही. आणि ती टिंबं!! आईचा मेसेज, 'घरी ये मग बघू...' अरे काय बघू?? मी रिक्षात बसून सगळे नातेवाईक डोळ्यासमोर आणले, घरी आले तर पडद्याचं कापड बघायचं होतं.

आणि मेसेजच्या खाली 'आई' असं लिहिते. नाव वर दिसतंच की गं.

---

>> मेसेजच्या खाली 'आई' असं लिहिते >>

ताई, तुमच्या आई मेसेज पाठवत नसून पत्र लिहितायत, एवढंच. पत्राला वर ठिकाण, तारीख, मग 'ती. बाबांस सा. न. वि. वि.', खाली नाव, त्याच्याखाली विसरलेलं सगळं 'ता. क.' मध्ये. 'तीर्थरूप' फक्त सख्ख्या आईवडिलांना आणि बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' यावरून आमच्या शाळेत मार्क कापायचे. पोस्टकार्डावर जागा बोटभर, त्यातली अर्धी या मायन्यात जायची तरी कुणी तो गाळत नसे. खाली नाव लिहिलं नाही तर पत्र निनावी, आणि निनावी पत्र वाईट. हात तसा वळलाय, तो आता काय सरळ होणार.

---

मूळ धाग्यातलं 'नामं वस्तूबरोबर मरतात' हे मला पटलं नाही. व्हीटीचं काय मग? १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला सीएसएमटी झालं आणि आज पण टॅक्सीत बसून माणूस काय म्हणतो यावरून मी तुम्हाला त्याची दहावी साधारण कधी झाली ते सांगतो. व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी, सरळ तीन पिढ्या. बोरीबंदर म्हणणारं कुणी भेटलं तर पाया पडा. तेच एल्फिन्स्टन आणि प्रभादेवीचं, २०१८ पासून. तेच एमएसईबीचं, ते मंडळ जून २००५ लाच मोडून महावितरण वगैरे झालं तरी लाइट गेली की आमची अख्खी बिल्डिंग 'एमएसईबीला फोन करा' म्हणते. नामं मेलेली नाहीत साहेब.

---

(धागाकर्ता) व्हीटीमध्ये वस्तू कुठे गेली पण? स्टेशन जागच्या जागी आहे, फक्त पाटी बदलली. मी म्हणतोय वस्तूच गेली तर काय होतं. तुमची केस वेगळी, पाटीला सरकार असतं, जिभेला नसतं. पण 'वयचुगली' मला आवडला, वयखूण मागे घेतो.

---

आमच्याकडं कोल्हापूर साइडला उलटाच प्रकार हाय. शब्द नवा हाय आणि म्हाताऱ्यांचा त्याच्यावर आधीपासून ताबा हाय. डीपी!! गावात डीपी म्हणजे शेताच्या कडंला खांबावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. भाच्यानं मामांना सांगितलं 'मामा मी डीपी बदलली' तर मामा म्हणतात 'झकास, कुणाच्या वशिल्यानं रं, आमची जळून आठवडा झाला, ऊस वाळाय लागलाय'. आता दोघांत जुनं कोण आणि नवं कोण ते तुम्हीच ठरवा. विषय हार्ड.

---

चांगली चर्चा. जरा जुना मुद्दा मांडतो, वयोमान.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. नंतर रुपयाचे शंभर 'नये पैसे', त्यातला 'नया' १९६४ मध्ये गळला. आता गंमत अशी की माझा धाकटा भाऊ, जो त्यानंतर जन्मला आणि ज्याने आणा हे नाणं व्यवहारात कधी वापरलं नाही, तोही आयुष्यभर चाराणे, आठाणे, बाराणे म्हणत आला. पण 'दोन आणे' किंवा 'पाच आणे' त्याच्या तोंडून कधी आलं नाही. का? कारण चार आण्यांचे बरोब्बर पंचवीस पैसे होतात, आठ आण्यांचे पन्नास, बारा आण्यांचे पंचाहत्तर. दोन आण्यांचे साडेबारा, एका आण्याचे सव्वासहा, ते नव्या नाण्यात बसेनात. जे नव्या मापात नीट बसलं ते तगलं. ३० जून २०११ नंतर चाराण्याचं नाणंही चलनात राहिलं नाही, तेव्हा आता राहिली फक्त चाराण्याची कोंबडी आणि तिला लागणारा बाराण्याचा मसाला.

वजनातही हेच. ८० तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅम, म्हणजे किलोच्या जवळच, म्हणून 'पावशेर' हा पाव किलोच्या जागी गुपचूप जाऊन बसला आणि भाजीवाल्यालाही काही वाटलं नाही. तोळा तर स्वतःच आक्रसला, होता ११.६६ ग्रॅमचा, आता सराफाकडे १० ग्रॅमचा धरतात. पण मण आणि पायली मराठी चौथीतल्या नातवाला सांगावी लागते. कापडातला वार गेला, मीटर आला, तरी नऊवारी आणि सहावारी आहेतच, कारण साडीला कोण मीटर लावणार. आणि नवटाक कुठे जिवंत आहे हे इथे लिहीत नाही, जाणकारांना ठाऊक आहे.

---

>> जाणकारांना ठाऊक आहे >>

खिक्. दंडवत घ्या आजोबा. आण्याचा मुद्दा जबरी, कधी डोक्यातच आलं नव्हतं.

---

आम्ही न्यू जर्सीत असतो, ९० च्या दशकात आलो. इथे राहण्याचा तोटा असा की आपली मराठी ज्या वर्षी विमानात बसलो त्या वर्षावरच थांबते. मी पुण्यात येऊन 'सॉलिड', 'जाम मजा आली' म्हटलं की भाचरं हसतात, त्यांच्यात म्हणे भारी पण जुनं व्हायला लागलंय, वाढीव वगैरे म्हणतात. आणि त्याहून वाईट अवस्था मुलीची, ती मराठी शिकली माझ्या आईकडून, आईचे शब्द तिच्याहून दोन पिढ्या मागचे. ती पुण्यात आतेभावाला म्हणाली 'तुझी पाटलोण छान आहे' आणि मोटरसायकलला फटफटी. त्याला वाटलं मुद्दाम करतेय. अमेरिकन उच्चारात पाटलोण, विचार करा.

मोठ्याने बोलायची सवय पण तिथलीच. पूर्वी रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाववर यायचा म्हणून पिवळ्या बूथसमोर रांग, लाइन खराब, ओरडल्याशिवाय पोचायचंच नाही. आता व्हिडिओ कॉलवर माझा श्वास पण ऐकू जातो तरी वडील नागपूरहून ओरडतात. त्यांना अंतरच एवढं वाटतं.

---

पस्तिशीतल्यांनी फार हसू नये, 'स्क्रॅप टाक' म्हणणारे आपणच. ऑर्कुट २०१४ ला बंद झालं. आणि पोचल्यावर 'मिस्ड कॉल दे' हे पण आपलंच, त्याआधी तर इनकमिंगला पण पैसे पडायचे म्हणून फोन उचलायचाच नाही, वाजू द्यायचा आणि त्यावरून काय ते समजून घ्यायचं, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. पेटीएम करतो, जीपे करतो, स्कॅन करतो, यात पण आता वरचे खालचे थर पडलेत. भिंतीवरच्या त्या चौकोनी ठिपक्यांच्या कागदाला सगळे 'स्कॅनर' म्हणतात, खरा स्कॅनर आपल्या हातात असतो, पण ते जाऊ दे, ही लढाई हरलेली आहे.

---

सगळे मशीनच्याच मागे लागलेत. ज्यात वायर नाही, बटण नाही अशी क्रियापदं घ्या ना. 'वाढवणे' घ्या. आमच्या सासूबाई बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. मंगळसूत्र तुटलं नाही, वाढलं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. संध्याकाळी दुकान बंद नाही करायचं, वाढवायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा किंवा शांत करायचा. निघताना 'जाते' नाही, 'येते'. यात टेक्नॉलॉजी काहीच बदललेली नाही, काच आजही तशीच फुटते. बदललं काय तर अभद्र बोललं की ते खरं होतं ही भीती गेली. मला वाटतं पोरांना आपण सगळ्यात जुने इथे वाटतो, फोन फिरवण्यात नाही.

---

(पुन्हा मीच, सगळ्यात लहान) थांबा थांबा, म्हणून आजी त्या दिवशी 'बांगडी वाढली' म्हणाली होती का!! मी म्हटलं सैल झाली असेल, सोनाराकडे देऊन कमी करून आणू. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पण मग एक शंका. आमच्या शेजारचे किराणावाले आजोबा रात्री म्हणतात 'दुकान वाढवतो, तोवर तू ताट वाढ'. यात एक वाढणं बंद करायचं आणि एक सुरू करायचं, बरोबर ना? आणि बाहेर 'दुकान वाढवणे आहे' अशी पाटी लावली तर लोक सेल समजून आत येतील की शटर पडायच्या आत पळतील?